ऑक्टाव्हिया व्हीआरएसला मोठा टर्बो बसवताय? या चुका टाळा

स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० भारतात २०१७ साली आली आणि व्हीआरएस २४५ आली २०२० साली, तीही फक्त २०० गाड्यांपुरती. सेकंडहँड घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: आयएस३८ हा मोठा टर्बो बसवू का? प्रश्न रास्त आहे. दोन्ही गाड्यांत ईए८८८ घराण्यातलं तिसऱ्या पिढीचं १९८४ सीसी इंजिन आहे आणि त्यावर कंपनी आयएस२० हा टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) देते. याच इंजिनावर गोल्फ आर आणि आउडी एस३ मध्ये आयएस३८ येतो. बोल्ट जुळतात, ऑइलच्या आणि पाण्याच्या लाइनी जुळतात. त्यामुळे एका शनिवार-रविवारचं काम वाटतं, आणि चांगल्या मेकॅनिकच्या हातात ते तेवढंच आहेही. पण टर्बो ही या यादीतली शेवटची खरेदी असायला हवी. मिळणारं पेट्रोल, गिअरबॉक्सची ताकद आणि आपल्याकडचा उन्हाळा या तीन गोष्टींनी तुमच्या ताकदीचा आकडा आधीच ठरवून टाकलेला असतो. टर्बो त्या आकड्याला साजेसा निवडायचा.

आकडा ऐकून टर्बो घेणं

दुसऱ्या कुणाच्या गाडीने डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) ४०० एचपी दाखवले, म्हणून तोच टर्बो मागवायचा, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्याआधी दहा मिनिटं कागद-पेन घेऊन बसा.

पेट्रोल इंजिनाचा ढोबळ हिशेब असा: मिनिटाला एक पौंड हवा आत गेली की साधारण दहा एचपी. दोन लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ५,६०० ते ५,७०० लिटर हवा ओढतं. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपांत) एकूण दाब २५०० मिलिबार आणि हवेचं तापमान ५० अंश असेल, तर तिचं वजन साधारण ३४ पौंड भरतं. म्हणजे ३४० एचपीच्या आसपास. आयएस३८ चा खरा पल्ला तिथेच आहे. त्याच्याकडून ४५० ची अपेक्षा केली, तर तो गरम हवा ढकलत राहील आणि शाफ्ट बेसुमार वेगाने फिरून लवकर संपेल. सुरुवातीच्या काळातले आयएस३८ कमी किलोमीटरमध्येच फुटल्याची उदाहरणं बरीच आहेत. म्हणून सुधारित पार्ट नंबर पाहूनच घ्यावा.

याच हिशेबात आपल्याकडचे घाट येतात. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एकूण दाबाचं लक्ष्य धरून चालतो. मुंबईत बाहेरचा दाब १०१० मिलिबार असतो, म्हणजे २५०० गाठायला टर्बोला हवा २.४८ पट दाबावी लागते. लोणावळ्याला बाहेरचा दाब ९४० च्या आसपास उतरतो आणि तोच आकडा २.६६ होतो. मुंबईत काठावर चालणारा टर्बो घाटमाथ्यावर मर्यादेपलीकडे जातो तो असा. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला (सरळ रेषेतल्या शर्यतीला) उतरायचं असेल, तर ट्यूनरला, म्हणजे ईसीयूचा प्रोग्राम बदलून देणाऱ्याला, ते आधीच सांगा. तिथल्यासाठी बूस्टचं, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या दाबाचं, लक्ष्य थोडं खाली ठेवलेला मॅप (ईसीयूचा प्रोग्राम) लागतो.

आणि रोजची गाडी असेल, तर स्वतःला एक विचारा: २,००० ते ४,००० आरपीएममध्ये तुम्ही किती वेळ असता? पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये तर सगळा वेळ तिथेच जातो. आयएस२० तिथे चटकन बूस्ट देतो आणि आयएस३८ मागे राहतो. स्टेज २ वरचा, म्हणजे नवा मॅप आणि मोकळा डाउनपाईप असलेला, आयएस२० हा माझ्या मते शहरात चालणाऱ्या व्हीआरएससाठी जास्त सुखाचा पर्याय आहे. मोठा टर्बो ट्रॅकवर किंवा मोकळ्या हायवेवर वरच्या आरपीएममध्ये वापरणाऱ्याने घ्यावा.

गिअरबॉक्सकडे दुर्लक्ष

व्हीआरएस २३० मध्ये सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा डीक्यू२५० हा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. त्याची कंपनीने सांगितलेली क्षमता आहे ३५० न्यूटन-मीटर. आता गाडीचा मूळ टॉर्क पहा: ३५० न्यूटन-मीटर. म्हणजे काहीही न करता गाडी कागदावरच्या मर्यादेवर उभी आहे. प्रत्यक्षात गिअरबॉक्स याहून बरंच सोसतो, पण नुसतं इंजिन रिमॅप करून गिअरबॉक्सच्या टीसीयूला (कॉम्प्युटरला) हात लावला नाही, तर क्लचवरचा दाब जुन्याच हिशेबाने राहतो आणि क्लच घसरतो. टीसीयूचं ट्यूनिंग आयएस३८ च्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. डीएसजीचं ऑइल आणि फिल्टरही त्याच वेळी बदलून घ्या.

क्लच घसरतोय हे ओळखायची खूण सोपी आहे. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आरपीएम उडी मारतो आणि वेग त्या प्रमाणात वाढत नाही.

पोलो जीटी टीएसआयवाल्यांसाठी जाता जाता सांगतो. तुमचा डीक्यू२०० कोरड्या क्लचचा आहे आणि २५० न्यूटन-मीटरपुरताच बनवलेला आहे. त्या गाडीत मोठ्या टर्बोचा विचार या एका कारणासाठी सोडून द्यावा असं मला वाटतं.

पेट्रोलचा विचार न करता मॅप घेणं

युरोपातला तयार मॅप तिथल्या ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेला असतो. ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल नॉकला, म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी पेटण्याला, जास्त विरोध करतं. आपल्याकडे स्पीड ९७, एक्सपी १०० अशी जास्त ऑक्टेनची पेट्रोलं आहेत, पण मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर. मुंबईहून निघून कोकणात उतरलात, की पुढची टाकी कशाने भरणार हे आधी ठरवा. ट्यूनरकडून दोन मॅप घ्या, एक चांगल्या पेट्रोलचा आणि एक साध्याचा. घराबाहेर लांब जाताना दुसरा टाकून निघा.

इथेनॉलचीही गोष्ट लक्षात घ्या. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच हवेमागे शुद्ध पेट्रोलपेक्षा आठ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन लागतं. इथेनॉल नॉक रोखायला मदत करतं, पण पंपावरचा भार वाढवतं. ३४० एचपीवर मूळ पंप आधीच दमलेला असेल, तर हे आठ टक्के आणायचे कुठून? म्हणून टाकीतला पंप आणि हाय-प्रेशर पंप दोन्हींची क्षमता तपासल्याशिवाय मोठा टर्बो लावू नये. बेंगळुरूच्या ट्यूनरने पाठवलेला मॅप असो की जर्मनीहून आलेला, तुमच्याच पंपावरचं पेट्रोल भरून लॉग (चालत्या गाडीतल्या सेन्सरच्या नोंदी) काढून तो जुळवून घ्यावा लागतो.

उन्हाळ्यासाठी तयारी नसणं

टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा मूळ इंटरकूलर डिसेंबरात बरा वाटतो. मे महिन्यात नागपूरला नाही, पुण्यातच सिग्नलला दहा मिनिटं उभे राहून मग गाडी ओढा. मॅनिफोल्डमधली हवा ५० वरून ७५ अंशांवर गेली, तर नुसती घनताच सात टक्क्यांनी घटते. त्यावर नॉक टाळायला ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, तो तोटा वेगळा. थंड सकाळी डायनोवर काढलेला आकडा दुपारी कुठे जातो, त्याचं उत्तर इथे आहे. मोठा इंटरकूलर टर्बोच्या आधी बसवा. आयएस२० वरही त्याचा फायदा दिसतो, त्यामुळे तो पैसा वाया जायचा प्रश्नच नाही.

डाउनपाईप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाईप) मोकळा लागतो हे खरं. पण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) पूर्ण काढून टाकलेला पाईप घेऊ नका, हाय-फ्लो कॅटवाला घ्या. पीयूसीचा प्रश्न आहेच, आणि शेजाऱ्यांनी त्या धुराचा वास का सोसावा?

कायद्याचंही इथेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे अधिक ठामपणे सांगितलं. विमा कंपनीला बदल कळवले नसतील, तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. ज्यांना एवढी ताकद खरंच वापरायची आहे त्यांनी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइमतूरचा करी स्पीडवे किंवा नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवरचे ट्रॅक डे गाठावेत.

थकलेल्या इंजिनावर टर्बो

साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या गाडीला आधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर दाब किती धरतात त्याची तपासणी) करा. चारही सिलिंडरमध्ये फरक दिसला, तर टर्बोचे पैसे तिकडे वळवा. या इंजिनाची थर्मोस्टॅट-वॉटर पंपाची प्लास्टिकची हाउसिंग गळण्यासाठी बदनाम आहे, ती पाहून घ्या. पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनातला वायू परत इनटेकमध्ये नेणारी झडप) पाहा. डायरेक्ट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साठलेली असेल, तर ती साफ करून घ्या.

ऑइल व्हीडब्ल्यू ५०२ किंवा ५०४ मानकाचंच हवं. बदलण्याची कंपनीची १५,००० किलोमीटरची मुदत विसरा, सात-आठ हजारांना बदला. कमी आरपीएमला भरपूर बूस्ट देणारे मॅपही टाळा. तिथे इंधन ठिणगीच्या आधीच पेटण्याचा धोका असतो आणि त्यात कनेक्टिंग रॉड वाकतात. चांगला ट्यूनर ३,००० आरपीएमखाली टॉर्क मुद्दाम आवरून धरतो. सीटला पाठ आपटली नाही म्हणून त्याच्याशी वाद घालू नका.

बसवतानाच्या चुका

जुनी गॅस्केटं, जुने नट, जुनी ऑइल फीड लाइन परत वापरणं हा पैसे वाचवण्याचा मार्ग नाही. ऑइलच्या जोडांना सिलिकॉन सीलंट लावू नये. त्याचा तुकडा सुटून फीडमध्ये अडकला, की नवा टर्बो काही मिनिटांत जातो. पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी टर्बोमध्ये ऑइल भरा आणि इंजेक्शन बंद ठेवून क्रँक करून दाब आणा. वेस्टगेटचा (बूस्ट आवरणाऱ्या झडपेचा) इलेक्ट्रॉनिक अॅक्च्युएटर ट्यूनरने दिलेल्या व्होल्टेजवर जुळवा आणि डायग्नॉस्टिकमधून त्याचं अॅडॅप्टेशन करा. ही पायरी गाळल्याने अंडरबूस्टच्या तक्रारी येतात आणि बिचाऱ्या टर्बोला दोष लागतो.

सेकंडहँड टर्बो घेताना शाफ्ट बोटाने हलवून बघा. ऑइल नसताना आडवी किंचित हालचाल चालते. पुढे-मागे हालचाल जाणवली, तर परत द्या. अर्ध्या किमतीतल्या नकली आयएस३८ पासून तर लांबच राहा.

बसवल्यावर काही बिघडलं तर

आधी लॉग काढा, मग पार्ट बदला. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हा स्कॅनर घेऊन मोकळ्या, सुरक्षित जागी किंवा डायनोवर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून ६,५०० पर्यंत एकच सलग ओढ पुरते. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब), लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग या गोष्टी नोंदवा.

पूर्ण थ्रॉटलवर गाडी हिसके देते आणि पी०३०० ते पी०३०४ मधले मिसफायर कोड येतात, तेव्हा पहिला संशय प्लगवर घ्या. वाढलेल्या दाबात ठिणगी विझते. एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग घ्या आणि गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा. तरीही थांबलं नाही, तर कॉइल बदला.

पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी पडतोय. इथे टर्बो काढायची घाई करू नका. धूर सोडून किंवा हवा भरून इनटेकची गळती तपासा. नव्या पाईपचा एखादा क्लॅम्प सैल निघण्याची शक्यता मोठी असते. त्यानंतर डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर जादा हवा सोडणारी झडप) आणि वेस्टगेटचं सेटिंग पाहा.

पी००८७ (पेट्रोलचा दाब कमी) हा कोड आला किंवा वरच्या आरपीएमला रेल प्रेशर मागितलेल्या २०० बारच्या बरंच खाली घसरलं, तर त्या क्षणी पाय काढा. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की पिस्टन जातात. टाकीतला पंप, फिल्टर, मग हाय-प्रेशर पंप या क्रमाने शोध घ्या, आणि तोपर्यंत कमी बूस्टच्या मॅपवर चालवा.

टायमिंग एकाच सिलिंडरमध्ये सतत मागे जात असेल, तर तो प्लग, ते इंजेक्टर, ती काजळी पाहा. चारही सिलिंडरमध्ये एकदम चार-पाच अंश मागे जात असेल, तर पेट्रोल खराब आहे किंवा मॅप तुमच्या पेट्रोलला झेपत नाही.

निळा धूर दिसला, की लोक टर्बोचं सील गेलं म्हणतात. आधी ऑइलच्या परतीच्या पाईपला बाक किंवा अडथळा आहे का ते पाहा. ऑइल खाली उतरलं नाही, की ते चांगल्या सीलमधूनही बाहेर पडतं. पीसीव्ही फुटला असेल, तरी तोच धूर येतो. आणि बूस्टबरोबर चढत जाणारा पोलिसांच्या सायरनसारखा आवाज ऐकू आला, तर शाफ्ट कडेला घासतोय असं समजा. गाडी तिथेच बंद करा आणि फ्लॅटबेडवर न्या, कारण पंख्याचा तुकडा तुटून इंटरकूलरमार्गे इंजिनात गेला, तर खर्च टर्बोपुरता राहत नाही.