जुने सिमेंटचे पत्रे उतरवण्याआधी

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खानदेशात गोठे, खळ्यावरची शेडं, जिनिंगची जुनी गोदामं यांचे पत्रे बदलायची घाई सुरू होते. आपण ज्यांना सिमेंटचे पत्रे म्हणतो, त्या जुन्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस नावाचं तंतुमय खनिज असतं. फोडले, कापले की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि फुप्फुसात रुतून बसतात. दमछाक, कॅन्सर हे सगळं १५-२० वर्षांनी, कधी ४० वर्षांनीही दिसतं. म्हणून मुकादमभाऊ, ‘आजवर काही झालं नाही’ यावर विसंबू नका.

काम पहाटे ठेवा. दुपारच्या ४४ अंशांत मास्क कोणी तोंडावर ठेवत नाही, हे मी पाहिलंय. शिवाय वावटळीत धूळ गावभर जाते. गमछा किंवा हिरवा कापडी मास्क इथे निरुपयोगी. अगदी बारीक तंतूही अडवणारा पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचाच मास्क आणा, माणशी जास्तीचे आणा, आणि दाढी करून या म्हणावं, नाहीतर कडेने हवा शिरते.

पाण्याची टाकी आणि फवारणी पंप आधी भरून ठेवा. पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घातला की पत्रा नीट भिजतो. ग्राइंडर, हातोडा घरीच राहू द्या. बोल्ट गंजला असेल तर तेल सोडून पान्याने काढा. नाहीच निघाला तर बोल्ट कापा, पत्रा नाही. जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, म्हणून चालायला फळ्या आणि माणसाला बांधायला दोर हवाच. पत्रा वरून फेकायचा नाही, हातोहात उतरवायचा. जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून वर ‘ॲस्बेस्टॉस, धोकादायक’ असं ठळक लिहा. उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नका; महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारून धोकादायक कचऱ्याच्या मान्य जागी पाठवा. खाली कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं.

कामाचे कपडे मात्र घरी नेऊ देऊ नका. ते धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे. हातपाय, तोंड धुतल्याशिवाय भाकरीला हात नको. बिडी तर अजिबात नको, कारण बिडी आणि हे तंतू एकत्र आले की कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला सांगितलं. रोजंदारीवरच्या माणसाची नोंद कोणी ठेवत नाही. मुकादमभाऊ, एक वही करा: नाव, गाव, कुठल्या शेडवर, किती दिवस. आणि त्याचा एक कागद त्या माणसाच्याही हातात द्या, पुढे डॉक्टरला दाखवायला.