आवाज खालचा असेल तर कराओकेला गाणं कसं निवडावं

फोनवर मला रोज कोणीतरी ‘हो सर’ म्हणतं. कुरिअरवाला म्हणतो, कर्ज देऊ पाहणारी बँकेतली मुलगी म्हणते. त्याची सवय झाली. पण सोसायटीच्या कोजागिरीला लताबाईंचं एक गाणं मूळ पट्टीत गायला उभी राहिले, मुखडा झोकात झाला आणि अंतऱ्यात तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या, पुढे आवाज जो फाटला, तो अजून कानात आहे. उरलेलं कडवं मी जवळजवळ कुजबुजले. मसाला दुधाचे कप खाली ठेवून लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहानुभूतीच्या टाळ्या लगेच ओळखू येतात.

नंतर कळलं की चूक गळ्याची नव्हती, पट्टीची होती. लता आणि आशा या दोन बहिणींनी इतकी दशकं आपले कान घडवले, की त्यांची उंची हीच ‘बाईची पट्टी’ असं आपण धरून चालतो. गंमत म्हणजे कराओके जन्माला आलं तेच गाणाऱ्याच्या सोयीसाठी. जपानमध्ये कोबे इथे दाइसुके इनोउए हे वादक हौशी गाणाऱ्यांना साथ करायचे. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं आणि यांना जाता येत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच 1971 मध्ये त्यांचं यंत्र आलं. तेव्हा मूळ स्केलमध्ये गाता येत नाही म्हणून ओशाळायचं कारण नाही.

आधी स्वतःचा गळा मोजा

फोनवर ट्यूनरचं, म्हणजे आपण लावलेला सूर कुठला ते दाखवणारं, एखादं फुकट अॅप घ्या. मोजायचं ते दुपारनंतर. सकाळी उठल्या उठल्या आवाज नेहमीपेक्षा खाली असतो आणि तो आकडा धरलात तर संध्याकाळच्या कार्यक्रमात फसाल.

कोणी बोलत असताना आपण ‘हं, हं’ करतो, त्या सुरावर ‘आ’ लावा. तिथून एकेक सूर खाली उतरा. जिथे सुराऐवजी नुसती हवा येऊ लागेल तो तळ. मग वर चढा. हनुवटी आपोआप उचलली जाते, मानेच्या शिरा दिसतात, तो माथा. आता तळापासून (पेटीवरच्या) दोन पट्ट्या वर या आणि माथ्यापासून दोन पट्ट्या खाली. उरला तो तुमचा आरामाचा पट्टा. कार्यक्रमात याच्या बाहेर जायचं नाही, कारण घरी आरशासमोर लागलेला सूर माइकसमोर लागेलच असं नाही.

माझा पट्टा जी ३ ते ए ४ असा आला. (अक्षर हे सुराचं इंग्रजी नाव, आकडा सप्तकाचा. सी ४ म्हणजे पेटीवरच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक.) काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजल्या तर हे चौदा पट्ट्यांचं अंतर झालं. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

पन्नाशीच्या आसपासच्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. पाळी गेल्यावर आवाज थोडा खाली येणं स्वाभाविक आहे. कॉलेजात गायलेलं गाणं आता लागत नसेल तर रियाज कमी पडला म्हणून स्वतःला बोल लावू नका, गाणं खाली घ्या. मात्र आवाज अचानक घोगरा झाला आणि दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं.

गाणं मुखड्यावरून पारखू नका

आपण गाणं निवडतो ते मुखडा गुणगुणून, आणि फसतो ते अंतऱ्यात. आपली बहुतेक चित्रपटगीतं मुखड्यात शहाण्यासारखी वागतात आणि अंतऱ्यात तार सप्तकात शिरतात. म्हणून उलटं करा. गाणं लावा, सगळ्यात उंच जागा शोधा आणि तेवढीच ओळ आधी गाऊन बघा. ती जागा नुसती शिवून परतायची आहे की तिथे चार मात्रा थांबायचं आहे, तेही बघा. शिवून येणं जमतं, थांबणं जमेलच असं नाही. माझं तर वर ‘आ’ असेल तर निभावतं, ‘ई’ असेल तर गळा आवळतो.

मग सगळ्यात खालची जागा बघा. दोन्हींमधलं अंतर मोजा. समजा गाणं सी ४ ते डी ५ आहे. अंतर चौदा, पाच पट्ट्या खाली घेतलं की बरोबर माझ्या जी ३ ते ए ४ मध्ये बसतं. पण दुसरं गाणं बी ३ ते ई ५ असेल तर अंतर सतरा. ते कितीही खाली-वर करा, कुठलं तरी टोक बाहेर राहणारच. अशी गाणी ऐकायची. गाणं सोडून देता येणं हाही निवडीचाच भाग आहे, आणि मला तो शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला.

मायनस किती?

कराओकेच्या यंत्रावर किंवा अॅपमध्ये पट्टी बदलायची सोय असते. मायनस एक म्हणजे पेटीवर डावीकडे एक पट्टी. लताबाईंच्या गाण्यांना मला बहुधा मायनस चार किंवा पाच लागतात. एकेक उतरत जा, एकदम उडी नको. पाचाच्या पुढे ट्रॅकच बिघडतो, बासरीला सर्दी झाल्यासारखी वाटते आणि ढोलक रिकाम्या पिंपासारखा वाजतो. गाणं फारच आवडीचं असेल तर खालच्या स्केलमध्ये वाजवून घेतलेला ट्रॅक मिळतो का बघावं.

पुरुषांची गाणी बिनधास्त घ्या

इथे आपल्यासाठी खजिना आहे. पण पुरुषाचं गाणं जसंच्या तसं घेतलं तर त्याच्या सप्तकात फार खाली जातं आणि आपल्या सप्तकात फार वर. समजा तो सी ३ ते ई ४ गातो. एक सप्तक वर गायलात तर ई ५, म्हणजे पुन्हा कोजागिरी. यावर उपाय ट्रॅक मायनस पाच करून वरच्या सप्तकात गाण्याचा. तुम्ही जी ३ ते बी ४ मध्ये येता. ट्रॅक प्लस सात करूनही नेमके हेच सूर मिळतात, पण सात पट्ट्या ताणलेला ट्रॅक ऐकवत नाही. बी ४ मला अजून दोन पट्ट्या जास्तच आहे, त्यामुळे असं गाणं घेताना ती वरची जागा शिवून परतायची आहे ना, एवढं बघते. आणि रफीसाहेबांसारख्या उंच पट्टीत गाणाऱ्यांची काही गाणी तर मूळ पट्टीतच, त्यांच्याच सप्तकात खालच्या गळ्याला सापडतात. मोजून बघा.

‘बाईने हे कसं गायचं’ असं कोणी म्हणालं तर त्यांना गीतरामायणाची आठवण द्या. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवर ते वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायलं, पण पुढे बाबूजींनी कार्यक्रमांतून सगळं एकट्याने गायलं. सीतेची गाणीसुद्धा. आणि ‘तुका म्हणे’ म्हणताना भजनी मंडळातल्या बायकांनी कधी ‘तुकी’ केलंय का? मराठीत ‘गातो’चं ‘गाते’ केलं तर मात्रा बदलत नाहीत, त्यामुळे हवं तर बदला. गझलेत मात्र मुळीच हात लावू नका. तिथे पुल्लिंगात बोलणं ही रीतच आहे.

युगुलगीतांचा घोळ वेगळा. आपल्यासाठी पट्टी उतरवली की बरोबरचे काका तळाला जातात आणि पुटपुटू लागतात. माझा तोडगा असा की उंच आवाजाची मैत्रीण शोधायची, तिने नायिका गायची, मी नायक.

कोणाला ऐकायचं

उषा उथुप यांना शाळेत गाण्याच्या वर्गात घेतलं नव्हतं, कारण आवाज बसत नव्हता. त्यांचं ‘हरि ओम हरि’ (1980) कार्यक्रमाच्या शेवटी छान जमतं. गीता दत्त यांचं ‘वक्त ने किया’ (1959) आवाज न चढवता गाता येतं, फक्त दमसास हवा. रेखा भारद्वाज यांचं ‘नमक इश्क का’ (2006) शिकताना लक्षात येईल की खालच्या सुरात शब्द किती जवळून बोलता येतात. आणि मन खट्टू झालं की गंगूबाई हनगल ऐका. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत त्यांचा आवाज उंच आणि पातळ आहे. गळ्याच्या उपचारानंतर तो भारदस्त झाला आणि त्याच आवाजात त्यांनी पुढची कितीतरी दशकं मैफली गाजवल्या.

एक सावधगिरी. भरदार आवाज म्हणजे खालची पट्टी असं नाही. काही गायिकांचा आवाज जाड वाटतो पण गातात बऱ्याच वर. कानावर विसंबू नका, ट्यूनर लावा.

कार्यक्रमाच्या दिवशी

स्पर्धा असेल तर मूळ स्केलची अट आहे का, ते नाव देण्याआधी विचारा. ट्रॅक आपल्या पट्टीत उतरवूनच पेनड्राइव्हवर न्या आणि फाइलच्या नावातच ‘मायनस चार’ लिहा, नाहीतर साउंडवाला पुन्हा चार उतरवतो. (झालंय.) त्याला बेस आणि एको कमी करायला सांगा, कारण खालचा आवाज दोन्हींत गढूळ होतो. माइक ओठांना चिकटवलात तरी बेस वाढतो, चार बोटं लांब धरा.

माझ्या वहीत प्रत्येक गाण्यापुढे तीनच गोष्टी असतात: मायनस किती, सगळ्यात उंच शब्द कुठला, आणि त्याआधी श्वास कुठे घ्यायचा. यंदाच्या कोजागिरीचं पान भरलंय. मैत्रीण नायिका आहे, मायनस दोन तिला चालतं म्हणाली.