गोळीची रिअ‍ॅक्शन आली तर कळवायचं कसं, आणि दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचायचे कसे

आईला बीपीसाठी रामिप्रिल सुरू झाली आणि तीनेक आठवड्यांत कोरडा खोकला मागे लागला, रात्री उठून बसायची, आम्ही आपलं हळदीचं दूध, आलं-मध, कफ सिरप सगळं करून बघितलं. गोळीवर संशय कुणालाच आला नाही. शेवटी डॉक्टरांनी गोळी बदलली आणि पंधरा दिवसांत खोकला गेला. हे कुठे कळवता येतं हेच तेव्हा माहीत नव्हतं.

तर आधी डॉक्टरला फोन, बीपी-शुगरची गोळी परस्पर बंद करायची नाही. तोंड सुजलं, श्वास लागला, अंगावर फोड आले तर सरळ हॉस्पिटल, रिपोर्टचं नंतर बघू.

मग 1800-180-3024, टोल फ्री. 2010 मध्ये सुरू झालेल्या फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रामचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचा नंबर आहे हा, कारभार गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे. पेशंटसाठी वेगळा फॉर्म आहे, मराठीतसुद्धा. बऱ्याच मेडिकल कॉलेजांत त्यांचं सेंटर असतं, तिथे दिला तरी चालतो. त्रास कुणाला झाला (पूर्ण नाव नको, आद्याक्षरं आणि वय पुरे), कुठलं औषध, काय झालं, कळवतंय कोण, एवढं तरी पाहिजेच. गोळीनेच झालं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही, संशय पुरतो.

पण खरा जीव तारखांत असतो. "गोळी घेतली, खोकला आला" याचं कुणी काय करणार? गोळी कधी सुरू, त्रास कधी सुरू, गोळी कधी बंद, बंद केल्यावर काय झालं, हे क्रमाने लिहा. आणि सोबतचं सगळं लिहा हो, गुडघ्याची पेनकिलर, शेजारच्या काकूंनी दिलेला काढा, चूर्ण, जे लोक औषधात धरतच नाहीत ते!

आता दुसरी बाजू. "या औषधाचे अमुक हजार रिपोर्ट" असा मेसेज फिरला की लोक लगेच टक्केवारी काढतात. ती निघत नाही. औषध किती जणांनी घेतलं ते त्यात नसतं आणि जे कळवतात ते फार थोडे, 2006 च्या एका आढाव्यात साधारण 94 टक्के रिअ‍ॅक्शन्स कळवल्याच जात नाहीत असं निघालं होतं. उलट बातमी आली की रिपोर्ट वाढतात, म्हणजे 2023 च्या शेवटी दुखण्यावरच्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल अलर्ट आला, त्यानंतरचा आकडा आधीच्या आकड्याशी सरळ ताडून बघण्यात अर्थ नाही.

मग उपयोग काय? एरवी क्वचितच दिसणाऱ्या गोष्टी यात पटकन सापडतात. 1961 मध्ये थॅलिडोमाइडचा (गरोदर बायकांना मळमळीसाठी द्यायचे ते औषध) संशय मोजक्याच डॉक्टरांच्या निरीक्षणांवरून आला, कारण तशी, हातपाय नीट न वाढलेली बाळं एरवी जवळजवळ दिसतच नव्हती. पण साठीच्या माणसाला हार्ट अटॅक आला तर गोळीकडे कोण बघतो? रोफेकॉक्सिब या पेनकिलरने हार्ट अटॅकचा धोका वाढतो म्हणून ती 2004 मध्ये मागे घेतली, ते अशा रिपोर्टांमुळे नाही, ट्रायलमधल्या आकड्यांमुळे.

आणि स्ट्रिप फेकू नका, बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. मेडिकलवाला चारच गोळ्या कापून देतो तेव्हा नंबर हमखास उरलेल्या तुकड्यावर राहतो, तेव्हा काउंटरवरच फोटो काढा नाहीतर बिल मागून घ्या. आईच्या वेळी माझ्याकडे दोन्ही नव्हतं.