मॅकवरच्या विंडोजमध्ये गेम मधूनच बंद पडतोय?

आधी मॅकओएसमध्ये 'अबाउट धिस मॅक' उघडून चिप कोणती ते बघा. इंटेल असेल आणि विंडोज बूट कॅम्पने (मॅकवर विंडोज टाकायची ॲपलची सोय) टाकलेलं असेल, तर पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. बूट कॅम्पबरोबर येणारा ड्रायव्हर बऱ्याचदा जुनाट असतो. कार्ड एएमडी कंपनीचं असेल तर त्यांच्या साइटवरून खास बूट कॅम्पसाठीचा ड्रायव्हर घ्या, नेहमीचा नको. तरीही थोडा वेळ खेळल्यावरच गेम बंद पडत असेल, तर मशीन तापत असणार. रेटिना स्क्रीनचं पूर्ण रिझोल्यूशन हवंय कशाला? १९२० बाय १०८० वर आणा, फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधा.

एम१ किंवा त्यानंतरच्या चिपवर बूट कॅम्प नाहीच. पॅरलल्समध्ये (मॅकओएसच्या आतच विंडोज चालवणारं ॲप) एआरएमचं, म्हणजे अशा चिपसाठीचं, विंडोज चालतं, पण व्हॅलोरंटसारखे कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) घुसणाऱ्या अँटी-चीटचे (फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचे) गेम तिथे चालत नाहीत. अशा गेमसाठी सेटिंग्ज उचकत बसू नका.