इंदूरच्या कॉलनीत गाळतळं खणायचंय? आधी फाइल पक्की करा

पावसाचं पाणी थोडा वेळ थांबवून गाळ बसवणारं तळं कॉलनीला फार उपयोगी असतं. पण जेसीबी बोलावण्याआधी नगर निगमची लेखी परवानगी घ्या. अर्जात खड्ड्याच्या मापांपेक्षा दोन उत्तरं महत्त्वाची असतात: पाणी कुठे जाणार आणि माती कुठे जाणार.

सुरुवात जागेपासून करा. नगर तथा ग्राम निवेश कार्यालयाने मंजूर केलेला कॉलनीचा अभिन्यास (लेआउट) काढून बघा. बगिच्याची जागा निगमकडे हस्तांतरित झाली असेल तर रहिवासी संघाचा ठराव पुरत नाही, निगमची संमती लागते. स्वतःच्या प्लॉटवर घर बांधत असाल तर तळं घराच्या नकाशातच दाखवा. 140 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला पर्जन्यजल संचयन बंधनकारक आहेच. दोन्ही एकाच नकाशात बसवा.

माप अंदाजाने लिहू नका, हिशोब जोडा. समजा छतं आणि रस्ते मिळून 2000 चौरस मीटर आहेत. ताशी 50 मिलिमीटर पाऊस आणि त्यातला 80 टक्के वाहून येणारा धरला, तर सेकंदाला सुमारे 22 लिटर पाणी येतं. 0.02 मिलिमीटरचा कण सेकंदाला साधारण 0.36 मिलिमीटर खाली जातो. येणारं पाणी या वेगाने भागलं की कळतं, पाण्याचा पृष्ठभाग किमान 62 चौरस मीटर हवा. वर 16 × 8 मीटर, खोली 1.5 मीटर आणि काठाचा उतार दोन आडवा-एक उभा घेतला तर तळ 10 × 2 मीटर राहतो. वरचे 30 सेंटिमीटर रिकामे सोडूनही पृष्ठभाग 100 चौरस मीटर मिळतो. काठ उभा कापून जागा वाचवायचा मोह टाळाच. काळी माती भिजली की असा काठ ढासळतो.

या तळ्यात वाळू आणि जाडसर गाळ बसतो, चिकणमाती नाही. तिच्या 2 मायक्रॉनच्या (0.002 मिलिमीटर) कणाला स्थिर पाण्यातही एक मीटर खाली जायला तीन दिवस लागतात. म्हणून इथलं गढूळ पाणी थेट बोअरच्या रिचार्जला जोडू नका, बोअर बुजेल. ते पावसाळी नालीतच सोडा, सांडपाण्याच्या ड्रेनेज चेंबरमध्ये कधीच नको. छेदचित्रात सांडव्याची आणि नालीच्या तळाची पातळी दोन्ही लिहा. सांडवा खाली राहिला तर नाली भरल्यावर पाणी उलटं तळ्यात येतं.

आता माती. वरच्या मापाने जवळपास 100 घनमीटर निघते आणि सुटी झाली की 130 च्या आसपास भरते. त्यात मुरूम निघाला तर तो गौण खनिज आहे. तो कॉलनीबाहेर न्यायचा असेल तर कलेक्टर कार्यालयाच्या खनिज शाखेची परवानगी आणि वाहतूक पास आधी घ्या. निगमची मंजुरी तिथे चालत नाही. काळी माती बगिच्यात पसरा, पण घराच्या पायाशी नको, ती फुगते.

खणण्याच्या जागी नर्मदेच्या पाण्याची लाइन, गॅस आणि विजेच्या केबल नकाशावर दाखवा. शंका असेल तिथे आधी हाताने चाचणीखड्डा घ्या. तळ्याभोवती कुंपण नकाशातच हवं, लहान मुलांसाठी ते टाळता येत नाही.

फाइल हिवाळ्यातच लावा, म्हणजे उन्हाळ्यात खोदाई आणि काठाचं पिचिंग (दगडांचं अस्तर) होऊन मध्य जूनच्या आत काम संपतं. दरवर्षी उपसलेला गाळ कुठे टाकणार, तेही याच अर्जात लिहून टाका.