लाइफ कुठे कमी होते ते शोधा

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या कामात, शिरायचं तर आधी प्रोग्रामिंगची कुठली भाषा शिकू, असं ऑफिसातली नवी मुलं विचारतात. मी सांगतो, भाषा राहू दे, आधी एखादा आठ बिटचा जुना गेम उकलायला घे, म्हणजे त्याचा तयार प्रोग्राम आतून कसा चालतो ते शोध. बऱ्याच जणांना ही थट्टा वाटते. नोकरीत मी जावा लिहितो, गेमशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण दुसऱ्याचा कोड वाचून ‘हे असं चालतं’ असं ठामपणे म्हणायची सवय मला या नादानेच लावली.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ मिळायचा, तो बहुतेकदा निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल असायचा. शिकायला हे यंत्र फार सोयीचं. रॅम अवघी २ केबी, प्रोसेसर ६५०२ या जुन्या चिपच्या घराण्यातला, त्याला कळणाऱ्या अधिकृत सूचना ५६. सगळं डोक्यात मावतं.

सुरुवात लाइफपासून करा. एफसीईयूएक्स या इम्युलेटरमध्ये (संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) गेम उघडा आणि रॅममधले आकडे चाळणारी रॅम सर्चची खिडकी लावा. एकदा मुद्दाम मरा आणि ‘किंमत कमी झाली’ एवढेच बाइट ठेवा. थोडा वेळ न मरता खेळा, जे बदलले ते काढून टाका. पुन्हा मरा. २०४८ बाइटांमधून लवकरच दोन-चार उरतात. त्यातल्या एकावर ‘लिहिताना थांब’ असा ब्रेकपॉइंट लावा. पुढच्या वेळी माणूस मेला की गेम जागीच थांबतो आणि डीबगरमध्ये, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत बघायच्या खिडकीत, नेमकी ती सूचना दिसते. साध्या गेममध्ये ती बहुधा डीईसी असते, म्हणजे या बाइटमधून एक वजा कर. झीरो पेजवरच्या (रॅमचे पहिले २५६ बाइट) डीईसीचा पहिला बाइट हेक्समध्ये सी६. त्या जागी ए५ लिहा, म्हणजे एलडीए: वजाबाकी नाही, नुसतं वाचन. दोन्ही सूचना दोन-दोन बाइटच्या, त्यामुळे पुढचा कोड सरकत नाही. आता मरून बघा. लाइफ तेवढीच राहिली तर तुमचा अंदाज खरा. पडद्यावरचा आकडा थांबला पण गेम ओव्हर ठरल्या वेळीच झाला, तर तुम्हाला नुसती दाखवायची प्रत सापडली आहे, मूळ बाइट अजून दुसरीकडे आहे.

मोठ्या गेममध्ये पुढची अडचण येते. अमेरिकेत १९८८ साली आलेल्या कॉन्ट्राच्या कॅसेटमध्ये १२८ केबी आहेत आणि प्रोसेसरला एका वेळी त्यातले ३२ च दिसतात. १६ केबीचे तुकडे आलटूनपालटून समोर येतात, म्हणून एकाच पत्त्यावर वेगवेगळ्या वेळी वेगळा कोड असतो. अख्खी फाइल सलग गिड्रात ओतली तर हाती कचरा येतो. (गिड्रा हे तयार प्रोग्राम उकलायचं साधन, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ मध्ये खुलं केलं. फुकट आहे आणि ६५०२ त्याला कळतो. तरी पहिले काही आठवडे डीबगरच बरा.)

डोंबिवलीहून फास्ट पकडणाऱ्याने ट्रेनमध्ये लॅपटॉप उघडायची स्वप्नं बघू नयेत. मी डिसअसेंब्लीचं (बाइटांवरून काढलेली सूचनांची यादी) एक पान छापून खिशात ठेवतो आणि उभ्या उभ्या पेन्सिलीने रूटीनना, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांना, नावं देतो. शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, “शेअरचे आकडे का?”

या नावांवरूनच ओपन सोर्सचा धडा मिळतो. तुम्ही एखाद्या रूटीनला ‘शत्रू हलवा’ म्हणालात की प्रकल्पात तुमचा बदल तपासणारा, म्हणजे रिव्ह्यू करणारा, विचारतो, कशावरून? कुठला सीन, कुठला ब्रेकपॉइंट, काय बदलल्यावर काय झालं, हे लिहिलेलं असेल तर बदल लवकर आत जातो. सुपर मारिओ ६४ च्या डिकम्पायलेशनमध्ये (तयार गेमवरून त्याचा कोड परत लिहिण्याचा प्रकल्प) तर कसोटी आणखी कडक: तुमचा सी भाषेतला कोड कम्पाइल केल्यावर मूळ रॉमशी, म्हणजे कॅसेटमधल्या प्रोग्रामशी, बाइटला बाइट जुळला पाहिजे. तिथे आयआयटी पवई आणि कर्जतकडचं कॉलेज सारखंच.

थेट कोडची भीती वाटत असेल तर २००१ पासून चालू असलेला स्कमव्हीएम हा ओपन सोर्स प्रकल्प बघा. त्यात जुन्या गेमची इंजिनं नव्याने लिहिली आहेत, डेटा फाइल मात्र मूळ गेमच्या लागतात. गेमची नेमकी आवृत्ती आणि सेव्ह फाइल जोडून केलेला बग रिपोर्ट तिथे सोन्याच्या मोलाचा. ओपन सोर्स प्रकल्पांत नवशिक्यांना काम देणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमातही २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांना अर्ज करता येतो.

कायद्याचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये प्रोग्राम कसा चालतो याचं निरीक्षण आणि अभ्यास करायला सूट आहे, कायदेशीरपणे घेतलेल्या प्रतीची वैयक्तिक, बिगरव्यापारी नक्कल करायलाही. रॉम वाटत फिरायला नाही. लॅमिंग्टन रोडवरची ‘९९९ इन वन’ कॅसेट कितीही लाडकी असली तरी ती कायदेशीर प्रत नव्हे. काहीच हाताशी नसेल तर सीसी६५ (६५०२ साठीचा सी कम्पायलर) घेऊन स्वतःच छोटा प्रोग्राम लिहा, बांधा आणि तोच उकला. अडलात तर मूळ कोड तुमच्याजवळच आहे. आणि नोकरी करत असाल तर पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवण्याआधी ऑफर लेटरमधलं घरी लिहिलेल्या कोडच्या मालकीचं कलम वाचा, एचआरकडून परवानगी ईमेलवर घ्या. तोंडी ‘हो, चालेल’ धरू नका.