खोटं ओळखायचं तर चेहरा नको, बोलणं बघा

गाड्यांच्या विम्याचे क्लेम तपासणं हे माझं काम. कागलपासून गगनबावड्यापर्यंत कुठंही गाडी ठोकली की ड्रायव्हरशी बोलायला जाते. नजर चोरली, घाम फुटला, हात थरथरले, एवढ्यावरून काहीही ठरवू नका. अपघातातनं नुकता वाचलेला सरळमार्गी माणूसही ‘मॅडम आल्या’ म्हटलं की अडखळतो. बाँड आणि डीपावलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली २०६ शोधनिबंधांतले आकडे एकत्र मांडले. खरं-खोटं ओळखताना लोक सरासरी शंभरात ५४ वेळाच बरोबर ठरले होते. नाणं उडवलं तरी ५० लागतात!

म्हणून आधी बोलू द्या. “घरातनं निघाल्यापासनं सांगा,” एवढंच म्हणा, मधे तोडू नका. खरं सांगणारा मागंपुढं होतो, स्वतःलाच दुरुस्त करतो: “न्हाई न्हाई, पोराला बालिंग्याला उतरवलं, मग पाऊस लागला.” ही चांगली खूण आहे. लोक नेमका यालाच संशय मानतात.

सगळ्यात जास्त दिसणारं खोटं म्हणजे ड्रायव्हर बदलणं. चालवत असतो लायसन नसलेला पुतण्या, जबाबाला येतात काका. धडक कशी झाली हे काकांनी पाठ केलेलं असतं, ते विचारून उपयोग नाही. आजूबाजूचं विचारा. शेजारी कोण होतं? कुठल्या दारानं बाहेर आलात? किल्ली कुणी काढली? कागद देऊन रस्त्याचं चित्र काढायला लावा. मग पुतण्याला वेगळं बसवून तेच प्रश्न विचारा. गाडीची सीटही बघा. उंच काकांचे गुडघे स्टिअरिंगला लागत असतील तर त्या सीटवर दुसरंच कुणी बसलं होतं का, हे विचारायलाच हवं.

हातातला पुरावा मात्र आधी दाखवू नका. किणी नाक्याचा फास्टॅगचा मेसेज समोर ठेवला की माणूस त्या वेळेला जुळेल अशी गोष्ट रचतो. आधी सगळं सांगू द्या, वेळ लिहून घ्या, मग मेसेज दाखवा.

आणि जुळलं नाही तरी ओरडू नका. “हे कसं काय?” असं शांतपणे विचारा. कधी गाडी ओढून नेताना गॅरेजच्या पोरानंच सीट पुढं सरकवलेली असते. मी त्याला फोन करून खात्री करते. रिपोर्टात ‘खोटारडा’ कधीच लिहीत नाही. जबाबातली कुठली दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत, तेवढं लिहिते.